कॉव्हेंट्रीचा पिंजरा

विलायतेला गेलेला मराठी माणूस लंडनबाहेर पडला, की बहुधा शेक्सपिअरच्या गावाची वाट धरतो. तिथले जुने लाकडी घर पाहतो, नदीकाठी फोटो काढून घेतो आणि परत आल्यावर त्यावर लेख लिहितो. मी मात्र त्या गावाच्या वीसेक मैल अलीकडेच थांबलो. यूस्टन स्टेशनवरून सुटलेली आगगाडी तासाभरात कॉव्हेंट्रीला पोचते. या गावी हौसेने फारसे कुणी जात नाही. माझा भाचा तिथे इंजिनीयर आहे, म्हणून मी गेलो. आणि आठ दिवस राहून जे पाहिले ते शेक्सपिअरच्या घरापेक्षा तिळभरही कमी वाटले नाही. मी एक पिंजरा तयार होताना पाहिला.

पिंजरा म्हटले की आपल्याला एक तर पोपट आठवतो, नाही तर व्ही. शांतारामांचा १९७२ सालचा बोलपट. हा पिंजरा त्यातला नव्हे. शर्यतीत धावणारी मोटार उलटली, तर तिचा पत्र्याचा टप चुरमडून आतल्या माणसांच्या डोक्यावर येतो. तो येऊ नये म्हणून गाडीच्या पोटात पोलादी नळ्यांचा एक सांगाडा बसवतात. गाडी चार कोलांट्या खावो की सहा, माणसाभोवतीची तेवढी पोकळी शाबूत राहिली पाहिजे. त्या पोकळीची राखण करणारा तो पिंजरा. पोपटाच्या पिंजऱ्यात पक्षी कोंडलेला असतो; या पिंजऱ्यात प्राण सांभाळलेला असतो.

असला पिंजरा पाहायचा तर याच मुलखात पाहावा, कारण हा सगळा मुलूखच नळीवर मोठा झाला. १८८५ साली इथल्या जॉन केम्प स्टार्ली नावाच्या गृहस्थाने ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपला दूधवाला चालवतो ती सायकल तिचीच नात. सायकलीचे वेड पसरले तशी नळ्यांना मागणी आली. अठरा मैलांवरच्या बर्मिंगहॅमात रेनल्ड्स नावाचे घराणे १८४१ पासून खिळे करीत होते. त्यांनी १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. १८९६ साली डेमलर कंपनीने कॉव्हेंट्रीतल्या एका जुन्या कापडगिरणीत मोटारींचा कारखाना थाटला. पुढे १९६१ साली याच गावातून जॅग्वारची ‘ई-टाइप’ निघाली. तिच्या लांबलचक नाकाखालचा सांगाडा रेनल्ड्सच्याच नळ्यांचा होता. खिळ्यातून नळी, नळीतून सायकल, सायकलीतून मोटार अशी ही वंशावळ आहे.

वंश मात्र आता थकला आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे गाव भाजून काढले. मधल्या काळात ते पुन्हा उभे राहिले आणि कारखान्यांनी भरभराटीचे दिवस पाहिले. पण जॅग्वारच्या ब्राउन्स लेनवरील कारखान्यातून २००५ नंतर मोटारी निघाल्या नाहीत आणि गावाबाहेरचा रायटनचा मोठा कारखाना २००६ साली बंद झाला. आपल्या गिरणगावातून हिंडताना जे वाटते तेच इथेही वाटते. भोंगा गेला, पण हात राहिले. ते हात आता लहान लहान शेडमधून जुन्या गाड्या जगवतात.

भाचा म्हणाला, “मामा, देऊळ उद्या बघू. आज तुम्हांला एक मिस्त्री दाखवतो.”

कालव्याच्या काठी एका जुन्या वखारीत त्या मिस्त्रीचा कारखाना होता. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगे, कानामागे खडू. आपल्याकडे सुताराच्या कानामागे पेन्सिल असते तशी. मध्यभागी चार घोड्यांवर एक गाडी उभी होती. काचा काढलेल्या, खुर्च्या काढलेल्या, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बाहेर ठेवलेली. ठिणगी उडण्यापूर्वीची ही पहिली खबरदारी. गाडी होती हिलमन हंटर.

वाचकांपैकी काहींचे कान हे नाव ऐकून टवकारतील. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीला जायला निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, काबूल, दिल्ली असे करीत त्या आपल्या मुंबईला पोचल्या आणि इथे ‘चुसान’ बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत पहिली होती रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना. ऑस्ट्रेलियात लुसियाँ बियाँकीची सिट्रोएन पुढे गेली. आणि विजय हाताशी आला असताना समोरून आलेल्या एका मिनी गाडीवर आदळली. १७ डिसेंबरला सिडनीत पहिली ठरली ती अँड्र्यू कावनची हिलमन हंटर, म्हणजे साध्या संसारी माणसाची गाडी. ९८ पैकी ५६ गाड्या शेवटास गेल्या.

वखारीतल्या हंटरचे मालक एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांचे वडील रायटनच्या कारखान्यात कामाला होते आणि ही गाडी त्यांनी स्वतः घेतलेली. आता मास्तरांच्या मुलीला ती जुन्या गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत न्यायची होती. चालवणार मुलगी, शेजारी नकाशा धरून बसणार बाप. पिंजऱ्यावाचून शर्यतवाले गाडीला उभे करीत नाहीत, म्हणून दोघे मिस्त्रीकडे आलेली. मास्तर गाडीभोवती असे फिरत होते, जसा एखादा माणूस इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर फिरतो.

पहिला वाद नळीवरून झाला. मास्तरांनी वाचून आले होते की क्रोम आणि मॉलिब्डेनम घातलेले पोलाद सगळ्यांत बळकट, विमानात वापरतात, तेच हवे. पैशाचा प्रश्न नाही. मुलीच्या डोक्यावरचे छप्पर आहे.

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने कोपऱ्यातून नळीचे दोन तुकडे आणले. दोन्हींच्या मध्ये सांधा जोडलेला. पहिला शेगड्यात आवळून त्याने लांब दांडा घालून वाकवला. नळी कण्हत कण्हत वाकली, चपटी झाली, पण तुटली नाही. दुसरा तुकडा वाकवताना फाडकन आवाज झाला आणि नळी सांध्याच्या अगदी कडेला मोडली.

“यातलं भारी पोलाद कुठलं?” त्याने विचारले.

मोडले ते भारी. ते मिश्र पोलाद होते. सांधा तापलेला असताना त्याने मुद्दाम पाण्यात बुडवला होता. क्रोम-मॉलिब्डेनमचे हेच मर्म आहे. नीट तापवले, हळू निववले, जाणत्या हाताने जोडले तर उत्तम. घाई केली तर सांध्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते, आणि वरून पाहून ते कळतही नाही. साधे कमी कार्बनचे पोलाद अशा चुका पोटात घालते.

“पिंजरा वाकलाच पाहिजे,” मिस्त्री म्हणाला. “वाकताना तो धक्का खातो. जो वाकत नाही तो एक तर मोडतो, नाही तर सगळा धक्का तुमच्या मानेला देतो.”

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची नियमपुस्तिका त्याच्या भिंतीला दोरीने टांगलेली होती, आपल्याकडे पंचांग टांगतात तशी. तिच्यात लिहिलेले त्याने वाचून दाखवले. नळी थंड ओढलेली, बिनसांध्याची, साध्या कार्बन पोलादाची. कार्बन शेकडा ०.३ हून जास्त नको. ताण सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला निदान ३५० न्यूटन. आणि पोलाद निवडताना पाहायचे ते त्याचे ताणले जाणे आणि त्याची जोडणी. सर्वांत बळकट पोलाद घ्या असे त्या पुस्तिकेत कुठेही नाही. इंग्लंडात ‘टी-४५’ नावाचे विमानाच्या जातीचे आणखी एक पोलाद मिळते. ते साध्याहून बरेच बळकट आणि जोडायलाही सुसह्य, म्हणून पातळ नळी वापरून वजन वाचवता येते. पण किंमत चांगली, आणि शर्यतवाले त्याचे कागद मागतात. मास्तरांच्या गाडीला चार किलो वाचवून काही साधायचे नव्हते.

मग मुलीने विचारले, “साधं पोलाद म्हणजे जरा जास्त लवचिक, हो ना?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. आणि इथे मला खरी गंमत वाटली. स्वस्त असो की महाग, सगळी पोलादे वाकायला सुरुवात करतात ती जवळजवळ सारख्याच ताठपणाने. फरक पडतो तो पुढे. कायमचे वाकणे केव्हा सुरू होते आणि तुटणे केव्हा, यात. नळीचा ताठपणा ठरतो तिच्या आकाराने. आपल्या कोकणातल्या वेळूला हे शास्त्र कधीपासून माहीत आहे. आत पोकळ, बाहेर भरीव. कारण वाकताना भार सोसतो तो बाहेरचा थर, मधला गाभा नुसता वजन वाढवतो.

पुस्तिकेत मुख्य कमानीला दोन पर्याय आहेत. ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची नळी. किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची. पहिली मीटरला सुमारे २.६ किलो भरते, दुसरी सुमारे २.४. मी कागदावर आकडेमोड करून पाहिली: जाड घेराची नळी दहा टक्क्यांनी हलकी आणि तरीही पंधरा टक्क्यांनी ताठ! मी विजयी मुद्रेने कागद पुढे केला. मिस्त्रीने तो पाहिला आणि मला गाडीत जाऊन बसायला सांगितले. टप माझ्या टाळूपासून चार बोटांवर होता. “आता यात अर्धा सेंटिमीटर आणखी नळी घाला,” तो म्हणाला. शिवाय पातळ पत्र्याची नळी वळवताना लवकर चेपते. पावणेदोन इंचीच ठरली. बाकीच्या नळ्या दीड इंची, म्हणजे ३८ व्यासाच्या आणि अडीच जाडीच्या.

“आणि पाण्याच्या पाइपाचं काय?” भाच्याने मला हसवण्यासाठी विचारले. मिस्त्री हसला नाही. जुन्या गाड्यांत त्याने तेही पाहिले होते. नळाचा पाइप उभ्या शिवणीचा असतो, त्याचे माप आतल्या पोकळीवरून सांगतात, आणि वरचा जस्ताचा मुलामा जाळला की विषारी धूर निघतो. दिसायला पिंजरा, उलटल्यावर शिवण उसवते.

दुसऱ्या दिवशी कमान वळली. मुख्य कमान एकाच अखंड नळीची लागते. उजव्या पायापासून टपाखालून डाव्या पायापर्यंत मध्ये सांधा नाही. वळवायची ती थंडच, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीहून कमी नको. चार ठिकाणी वळण, आणि प्रत्येक वळणानंतर मिस्त्री व्हर्निअर कॅलिपर लावी. वळणावर नळी थोडी अंडाकृती होतेच. पण लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ-दशांशाखाली गेला की नळी बाद. एक गेली. त्याने ती न बोलता भंगारात टाकली. मास्तरांच्या तोंडावर नळीची किंमत दिसली. मिस्त्रीच्या तोंडावर काहीच नाही.

मग जोड. एक नळी दुसरीला भिडवायची तर तिचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कोरावे लागते. मिस्त्री कानशीने घासे, लावून पाही, पुन्हा घासे. फट दिसली की तो म्हणे, “ही फट वितळलेल्या धातूनं भरता येते. म्हणूनच भरायची नाही.” आधी सगळीकडे नुसते टाके घातले, जसे शिंपी कच्ची शिलाई घालतो, कारण एका बाजूचा सांधा एकदम पुरा केला तर निवताना तो सगळी चौकट आपल्याकडे ओढतो. कमानीत तिरकी नळी घातली. वाड्याच्या फाटकाला सुतार तिरकी पट्टी का मारतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगायला नको: चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही.

टपाला चिकटून जाणाऱ्या नळीची वरची बाजू कशी जोडणार, हे मला कोडे होते. तिथे हात पोचत नाही, आणि सांधा सगळीकडून पुरा हवा. जिथे पिंजरा गाडीला कायमचा जोडायचा असतो, तिथे हे लोक गाडीच्या तळाला भोके पाडतात, पिंजरा त्यांतून खाली सोडतात, वरचे सांधे पुरे करतात, आणि पुन्हा उचलून पायांखाली पेट्या सरकवतात. आपल्या गाडीचा पिंजरा बोल्टांचा होता. त्याचे पाय मोकळे करून तो पुढे कलवला, की टपाखाली चार बोटे जागा झाली.

बोल्टांचा का, यावर मोठा वाद झाला होता. मास्तरांना वडिलांच्या गाडीला एकही भोक नको होते. मिस्त्रीने हिशेब मांडला. पुढचे दोन पाय, मुख्य कमानीचे दोन, मागे टेकू देणारे दोन. पहिल्या चारांना प्रत्येकी तीन बोल्ट, मागच्या दोघांना दोन दोन. एकूण सोळा. शिवाय प्रत्येक पायाखाली तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा. पहिल्या चारांखाली निदान १२० चौरस सेंटिमीटर, मागच्यांखाली साठ. कारण गाडीचा तळ एक मिलिमीटरच्या आसपास. गाडी उलटली की नळीचा पाय त्यातून भाला घुसावा तसा घुसेल. पावसाळ्यात ओल्या मातीत सायकल उभी करताना आपण स्टँडखाली चपटा दगड ठेवतो, तोच हा दगड.

“सोळा भोकं,” मास्तर म्हणाले.

“सोळा. आणि बोल्ट काढले, की उद्या कुणालाही गाडी पुन्हा जशी होती तशी करता येईल. भोकं बुजतात.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “पण ते खरं दुखणं नाही. रविवारी नातवाला घेऊन बाजारात कुठल्या गाडीनं जाता?”

मास्तरांनी गाडीकडे बोट केले.

“आता जायचं नाही.”

हे मात्र आम्हां कुणाच्या ध्यानात आले नव्हते. शर्यतीत माणूस शिरस्त्राण घालतो, खुर्चीला पट्ट्यांनी जखडलेला असतो. नळीला जे टणक आवरण लावतात तेही शिरस्त्राण घातलेल्या डोक्यासाठी केलेले. उघड्या डोक्याने, साध्या पट्ट्याने तीच गाडी रस्त्यावर नेली आणि किरकोळ टक्कर झाली, तर जिथे पूर्वी मोकळी हवा होती तिथे आता पोलादी दांडा आहे. मागच्या बाकावरच्या पोराच्या तर बरोबर डोक्याशी. शर्यतीत जो पिंजरा जीव राखतो, तोच बाजाराच्या रस्त्यावर घेऊ शकतो.

वखारीत बराच वेळ कुणी बोलले नाही. सोळा भोके मास्तरांनी मनातल्या मनात पचवली होती. पण वडिलांची गाडी ही घरची गाडी राहणार नाही, हा घास मोठा होता. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगाल ते. मी दुसरी गाडी शोधीन.”

मास्तर गाडीत वाकून कमानीवरून हात फिरवीत राहिले. मग त्यांनी विचारले, “नातवाला शाळेत न्यायला बस किती वाजता असते गं?”

मिस्त्रीने कानामागचा खडू काढला आणि तळावर पहिली खूण केली.

त्या संध्याकाळी भाच्याने मला देऊळ दाखवले. १९४० च्या त्या रात्री जळालेल्या जुन्या कॅथीड्रलच्या भिंती कॉव्हेंट्रीकरांनी पाडल्या नाहीत आणि पुन्हा छप्पर घालून नव्यासारख्याही केल्या नाहीत. तशाच आभाळाखाली उभ्या ठेवल्या, आणि लगत बेसिल स्पेन्स या स्थपतीच्या योजनेप्रमाणे नवे कॅथीड्रल बांधले. १९६२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. जळालेल्या छपरातले मध्ययुगीन खिळे गोळा करून त्यांचा क्रूस केला होता. जुने राखायचे म्हणजे त्याला हात लावायचा नाही, असे हे गाव मानीत नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे मात्र ते फार वेळ घेऊन ठरवते.

मी निघालो त्या दिवशी पिंजऱ्याला राखी रंग लागला होता. मी मिस्त्रीला विचारले, “इतके पिंजरे केलेत, त्यांतले किती उपयोगी पडले?”

“तीन परत आले,” तो म्हणाला. “वाकलेले. तिन्ही चालवणारे स्वतःच घेऊन आले होते. बाकीच्यांची काही खबर नाही.” आणि भिंगे पुशीत म्हणाला, “खबर नाही हे उत्तम.”